बंगळूरचा माल आणि विजेचा छोटा टेंपो

बंगळूरच्या पेठेच्या स्थापनेविषयी तेथील जुनी माणसे एक आख्यायिका सांगतात. १५३७ साली केंपेगौडाने आजच्या चिकपेट आणि दोड्डपेट यांच्या चौकात चार नांगरांना बैल जुंपले, ते चार दिशांना हाकलले आणि बैलांनी पाडलेल्या तासांवरून शहराचे चार मुख्य रस्ते आखले, असे ती सांगते. आख्यायिकेत इतिहास किती आणि लोकांची हौस किती, हा वाद इतिहासकारांकडे सोपवावा; परंतु त्या रस्त्यांच्या टोकांना हलसूर, येलहंका, आनेकल आणि सोंडेकोप्प या गावांच्या दिशांच्या वेशी होत्या आणि आतल्या गल्ल्या व्यापारानुसार वाटून दिलेल्या होत्या, ही गोष्ट पेठांची नावे आजही बोलून दाखवतात. अक्किपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या आणि तरगुपेटेत धान्य अशी ती वाटणी होती. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे ठाणे घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. आज चिकपेटेच्या गर्दीत माल उतरवणारा मराठी माणूस दिसला की त्याचा या भूमीशी असलेला संबंध काही नोकरीनिमित्त कालपरवा जडलेला नव्हे, याची जाणीव होते. त्या गल्ल्यांची रुंदी बैलगाडीच्या मापाने ठरलेली असल्यामुळे, साडेचारशेहून अधिक वर्षांनंतर त्यांत शिरणाऱ्या कोणत्याही वाहनाला अखेर बैलगाडीच्याच मापात बसावे लागते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या विजेवर चालणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांची परीक्षाही तेथूनच सुरू होते.

या शहराचे विजेशी असलेले नाते जुने आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत् केंद्रातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे वीज गेली आणि १९०५ साली ती बंगळूरच्या रस्त्यांवरील दिव्यांत आली. पुढे जवळजवळ शतकभराने, २००१ साली, चेतन मैनी यांच्या रेवा या चिमुकल्या विद्युत्-मोटारीने याच शहरात जन्म घेतला. लंडनच्या रस्त्यांवर ती निराळ्या नावाने धावली, तिच्या रूपाची यथेच्छ टिंगल झाली, आणि २०१० साली महिंद्र समूहाने ती कंपनी आपल्याकडे घेतली. त्याच घराण्यातून २०१६ साली ई-सुप्रो ही विजेची मालवाहू व्हॅन बाहेर पडली, पण ती बाजारात रुजली नाही. चार्जिंगची सोय नाही, बॅटरीची किंमत न परवडणारी, आणि कर्ज देणारा सावकार अशा गाडीचे तारण घ्यायला नाखूष, अशा काळात ती आली होती. वेळेच्या आधी येणाऱ्या वस्तूचे कौतुक पुढे होते, पण तिचे हप्ते मात्र तेव्हाच भरावे लागतात.

महाराष्ट्रीय वाचकाला या गाड्यांचे कूळ ठाऊक आहे. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी उभारलेल्या बजाज टेंपोच्या तीनचाकीने आपल्या गावागावांतील माल हलवला, आणि २००५ साली टाटांनी आणलेली एस ही दोन सिलिंडरांची डिझेलवरची चारचाकी तर ‘छोटा हाथी’ या नावाने इतकी रूढ झाली की पुष्कळ मालकांना तिचे खरे नाव विचारले तर क्षणभर थांबावे लागते. त्याच एसची विजेवरील आवृत्ती मे २०२२ मध्ये जाहीर झाली. तिच्यात २१.३ युनिटांची बॅटरी, २७ किलोवॉटची मोटर, एका चार्जमध्ये १५४ किलोमीटरांचा प्रमाणित पल्ला, ६०० किलो भार आणि किंमत ९ लाख ९९ हजार, असा मामला होता. त्या वेळी अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट, लेट्सट्रान्सपोर्ट इत्यादी कंपन्यांशी मिळून ३९,००० गाड्यांचे सामंजस्य करार झाल्याचे सांगण्यात आले. या यादीतील बरीचशी नावे बंगळूरची आहेत, आणि एकही नाव स्वतःच्या टेंपोवर पोट भरणाऱ्या मालकाचे नाही, या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कारण दहा लाखांची गाडी घेऊन तिच्याकडून पाच-सात वर्षे हिशेबाने काम काढून घेणे हे मोठ्या पेढीला जमते, ज्याला पुढल्या महिन्याच्या हप्त्यापलीकडचे दिसत नाही त्याला ते जमत नाही.

त्यानंतरच्या तीन वर्षांत मात्र बाजार पालटला. महिंद्रांची झिओ ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ७ लाख ५२ हजारांपासून आली. तिच्या मोठ्या बॅटरीची क्षमता २१.३ युनिट, भार ७६५ किलोपर्यंत आणि सांगितलेला पल्ला १६० किलोमीटर. दिल्लीच्या यूलर कंपनीने त्याच सुमारास स्टॉर्म ही १,२५० किलो उचलणारी गाडी आणली. टाटांनी मे २०२४ मध्ये एस ईव्हीची एक टन भाराची जात काढली, आणि जून २०२५ मध्ये एस प्रो आणली, जी माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद गाडी आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर वळू. तीनचाकींत महिंद्रांची ट्रिओ झोर ही २०२० पासूनची, ७.३७ युनिटांच्या बॅटरीची आणि साधारण साडेपाचशे किलोची गाडी. तिच्या मागून आलेली, मोठ्या डब्याची झोर ग्रँड १०.२४ युनिटांची, यूलरची हायलोड ६८८ किलोची, आणि आपल्या बारामतीच्या कारखान्यातून निघणारी पियाजिओची आपे, जिच्या विजेच्या अवताराला तिच्या डिझेल अवताराची पुण्याई आपोआप लाभली आहे.

इतकी नावे एका दमात ऐकल्यावर गिऱ्हाईक साहजिकच विचारतो की यांत सर्वांत चांगली कोणती, आणि विक्रेता साहजिकच पल्ल्याचा आकडा पुढे करतो. माझे म्हणणे असे की पल्ला हा बंगळुरात सर्वांत शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मालाचा, दुसरा गल्लीचा, आणि तिसरा, ज्याच्यावर उरलेले सगळे अवलंबून, तो रात्री गाडी कुठे उभी राहते याचा.

मालाचा प्रश्न पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत चांगला उमगतो. तेथे मूळचे बेळगावकडचे एक गृहस्थ पुठ्ठ्याची नालीदार खोकी तयार करतात. त्यांच्या गाळ्याबाहेर टेंपो भरताना पाहिला, तेव्हा दोन पोरे दोरीने बांधलेल्या सपाट खोक्यांच्या चवडी छपरापर्यंत रचत होती, मागल्या फळीवर आडवी काठी लावून वरून ताडपत्री ओढत होती, आणि गाडीची पाटे-स्प्रिंग तरीही जेमतेम बोटभर दबलेली होती. “वजन कुठं हाय ओ साहेब,” मालक हसून म्हणाले, “सगळं वारंच भरतो आम्ही गाडीत.” अशा माणसाला ६०० किलो आणि ७५० किलो यांतील फरक निरर्थक आहे, त्याला डब्याचे घनफूट हवेत. एस ईव्हीचा बंद डबा २०८ घनफुटांचा आणि झोर ग्रँडचा १७० घनफुटांचा आहे, म्हणजे कमी किमतीची तीनचाकी चारचाकीच्या चार-पंचमांश ‘वारे’ वाहून नेते, आणि हे गणित त्या गृहस्थांनी कोणत्याही माहितीपत्रकाच्या आधी टेप लावून केलेले होते. याउलट तरगुपेटेतील धान्याच्या आडत्याकडे पन्नास किलोंची पोती असतात. अकरा पोत्यांत साडेपाचशे किलो भरतात आणि डबा अर्धा रिकामा राहतो. तो रिकामा भाग पाहून बारावे, तेरावे, पंधरावे पोते चढवण्याचा मोह आपल्या देशात कोणाला आवरलेला नाही. डिझेलच्या छोट्या हाथीने हा अत्याचार वीस वर्षे मुकाट्याने सोसला, किंबहुना तो सोसला म्हणूनच ती लोकप्रिय झाली. विजेची गाडी तो सोसत नाही असे नाही, परंतु ती लगेच हिशेब मागते. भार दीडपट झाला की पल्ला डोळ्यांदेखत उतरतो, आणि उड्डाणपुलाच्या चढावर काट्याकडे पाहणाऱ्या चालकाच्या मनात मालकाविषयी जे विचार येतात ते येथे छापण्याजोगे नाहीत.

गल्लीचा प्रश्न फार वेळ घेत नाही. चिकपेट, अक्किपेट, कृष्णराज बाजारचा परिसर, कलासिपाळ्य या भागांत ज्याला दिवसाचे आठ तास काढायचे आहेत त्याने तीनचाकीच घ्यावी; तिथे चारचाकीने वळण घेताना समोरच्या लगेज ऑटोला आणि पाठीमागच्या हातगाडीला एकाच वेळी मागे सरकण्याची विनंती करावी लागते, आणि ती कानडीत, हिंदीत, तमिळमध्ये व प्रसंगी मराठीतही करून भागत नाही. बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर, व्हाइटफील्डकडे किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीकडे ज्याच्या फेऱ्या आहेत त्याने मात्र तीनचाकीच्या नादी लागू नये, कारण वेगवान वाहतुकीत ती अडथळा ठरते आणि पावसात चालकाचे हाल करते.

आता पल्ला. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ सालच्या पाहणीत बंगळूर शहरात दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागतात असे निघाले. जगातील मंद शहरांत त्याचा तिसरा क्रमांक. (चौथा क्रमांक ३३ मिनिटे २२ सेकंदांनी आपल्या पुण्याचा आहे, तेव्हा पुणेकर वाचकांनी या लेखातील कोणत्याही वाक्यावर समाधानाने हसू नये.) म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर हा वेग झाला. आठ तासांच्या पाळीत चौदा ठिकाणी माल द्यायचा आणि प्रत्येक ठिकाणी उभे राहणे, उतरवणे, पावतीवर सही घेणे यांत पंधरा मिनिटे जातात असे धरले, तर साडेतीन तास तिथेच संपले. उरलेल्या साडेचार तासांत ही गाडी अगदी अविरत चालली तरी ऐंशी किलोमीटरांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि व्यवहारात साठ झाले तरी पुष्कळ. मग १५४ की १६० अशी तुलना कशासाठी? ते आकडे प्रमाणित चाचणीचे आहेत, भरल्या गाडीने शहरात त्यांचा दोन-तृतीयांश मिळेल असे समजून चालावे. तरीसुद्धा शंभर किलोमीटर उरतातच. दिवसाला साठ किलोमीटर चालणाऱ्या गाडीत २१ युनिटांची बॅटरी घेऊन हिंडणे हा न वापरलेल्या भांडवलाचा रोजचा फेरफटका आहे.

आणि येथेच या शहराचा एक मौजेचा विरोधाभास समोर येतो. वाहतुकीच्या कोंडीत पेट्रोल-डिझेलचे इंजिन उभ्या उभ्या इंधन जाळते, विजेची मोटर उभी असताना काही खात नाही, आणि ब्रेक दाबताना थोडी वीज परतही मिळवते. म्हणून कोंडी ही विजेच्या गाडीची मोठी मैत्रीण आहे. परंतु विजेची गाडी घेताना जे जास्त पैसे मोजले ते किलोमीटरमागे होणाऱ्या बचतीतूनच वसूल व्हायचे असतात, आणि कोंडी किलोमीटरच होऊ देत नाही. म्हणून तीच तिची वैरीणही आहे. बंगळुरात गाडी निवडणे म्हणजे या दोन बाजूंचा तोल काढणे आहे, हे ज्याला समजले त्याला निम्मा विषय समजला.

हा तोल काढायला एस प्रो उपयोगी पडते, कारण टाटांनी एकच सांगाडा, ७५० किलोंच्या एकाच भाराने, तीन इंधनांत विकायला आणला. जून २०२५ च्या किमतींनुसार पेट्रोलची ३ लाख ९९ हजार, सीएनजी व पेट्रोल दोन्हींवर चालणारी ४ लाख ९९ हजार, आणि १४.४ युनिटांच्या बॅटरीची विजेची ६ लाख ५० हजार. हे तीन आकडे शोरूमचे आहेत; विमा, कर्जाचे व्याज आणि दुरुस्ती यांचा हिशेब तूर्त बाजूला ठेवतो, कारण विजेच्या गाडीला इंजिन-तेल, क्लच-प्लेट यांचा खर्च नाही म्हणून जे वाचते त्यातले बरेचसे तिच्या चढ्या व्याजात जाते. पेट्रोल लिटरला १०३ रुपये आणि भरल्या गाडीचे सरासरी १६ किलोमीटर धरले तर किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या जरा आत खर्च येतो. विजेची गाडी एका भरणीत शंभर किलोमीटर जाते आणि चार्जिंगमधील घट धरून भिंतीतून सोळा युनिट ओढते असे मानले, आणि गाळ्यातील वीज नऊ रुपयांनी पडली, तर किलोमीटरला दीड रुपया. बचत पाच रुपयांची. किमतीतला फरक अडीच लाखांचा. म्हणजे पन्नास हजार किलोमीटरांनंतर गाडी फायद्यात. रोज साठ किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस काम, तर पावणेतीन वर्षे. रोज नव्वद, तर दोन वर्षांच्या आत. रोज तीस, तर साडेपाच वर्षे, आणि साडेपाच वर्षांनंतरच्या फायद्याची स्वप्ने पाहून कोणी टेंपो घेत नसतो.

पण हा हिशेब पेट्रोलशी झाला. खरा प्रतिस्पर्धी सीएनजी आहे, आणि विजेच्या गाडीचे पुष्कळसे प्रचारक त्याचे नाव सोयीस्करपणे टाळतात. सीएनजी किलोला ९० रुपये आणि किलोत २२ किलोमीटर धरले, तर खर्च चार रुपयांच्या थोडा वर जातो. गाळ्यात चार्ज होणारी विजेची गाडी तिच्यावरही किलोमीटरला अडीच रुपयांहून थोडे अधिक वाचवते आणि किमतीतला दीड लाखाचा फरक सव्वातीन वर्षांत भरून काढते. मात्र त्याच गाडीला गाळ्यात वीज न मिळता सार्वजनिक केंद्रावर युनिटमागे अठरा रुपये मोजावे लागले, तर तिचा खर्च तीन रुपयांजवळ येतो, बचत रुपया-सव्वा रुपयावर घसरते, आणि तो दीड लाखाचा फरक भरून यायला सव्वा लाख किलोमीटर, म्हणजे रोज साठच्या चालीने सात वर्षे लागतात. वाचकाने आपले दर, आपले किलोमीटर घालून हे गणित पुन्हा मांडावे. आकडे बदलतील, पण वीज कुठून घेतो यावर निकाल उलटतो ही गोष्ट बदलणार नाही.

म्हणून रात्री गाडी कुठे उभी राहते हा प्रश्न. बंगळूरच्या छोट्या उद्योजकांपैकी पुष्कळांचा गाळा भाड्याचा असतो, मीटर घरमालकाच्या नावावर असते, आणि सोळा अँपियरचा एक पॉइंट मागितला की घरमालक प्रथम मंजूर भाराचे, मग वायरिंगचे, आणि शेवटी आगीचे कारण पुढे करतो. आग या शब्दाने बॅटरीविषयी जनमानसात जी भीती बसली आहे ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु या मालवाहू गाड्यांत सामान्यतः वापरले जाणारे लोह-फॉस्फेट रसायन हे तुलनेने शांत स्वभावाचे आहे आणि धोका बहुतेक वेळा बॅटरीपेक्षा जुनाट वायर व सैल प्लग यांतून उद्भवतो, हे घरमालकाला समजावणे गाडीच्या विक्रेत्याचे काम आहे. ते तो करीत नाही. तो चावी देतो, पेढे देतो, फोटो काढतो. बेस्कॉम या वीज कंपनीकडून वेगळ्या जोडणीचे मीटर मिळवणे शक्य आहे, त्याचा दरही वेगळा असतो, पण भाडेकरूने दस्तऐवज कोणाच्या सहीने द्यायचे, या प्रश्नावर कितीतरी अर्ज अडून राहतात. दुसरा मार्ग वेगवान चार्जिंगचा. २०२० मध्ये बंगळुरातच सुरू झालेल्या एक्स्पोनंट या कंपनीने पंधरा मिनिटांत बॅटरी भरण्याची पद्धत बसवली आहे. तिच्यासाठी बॅटरी मात्र त्यांच्याच जातीची लागते. चेतन मैनी आता सन मोबिलिटीतर्फे बॅटरी बदलून देण्याच्या मागे आहेत. दोन्ही मार्ग बुद्धिमान आहेत, आणि दोन्हींत मालकाला एका कंपनीच्या दावणीला बांधून घ्यावे लागते.

सरकारची भूमिका या सगळ्यात चमत्कारिक आहे. कर्नाटकाने २०१७ सालीच विद्युत् वाहनांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, आणि तसे करणारे ते पहिले राज्य होते. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये बॅटरीवरच्या मालवाहू वाहनांना परवान्यातून मुक्त केले, हे मोठ्या औदार्याने सांगितले जाते. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार तीन हजार किलोंच्या आतील एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परवाना मुळातच लागत नव्हता, त्यामुळे छोट्या टेंपोवाल्याच्या पदरात या औदार्यातून हिरव्या पाटीवरील पिवळ्या अक्षरांपलीकडे यत्किंचितही पडले नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटींची तरतूद झाली. तीत तीनचाकींना अनुदान ठेवले, साडेतीन टनांवरील ट्रकांना ठेवले, आणि मधली छोटी चारचाकी, जी शहराच्या पोटात खरोखर फिरते, ती वगळली. भरीस भर म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, विजेच्या गाड्यांचा पाच टक्क्यांवरच राहिला. साहजिकच पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि वर मांडलेला किमतीतला फरक आणखी रुंदावला. इंधनाची गाडी स्वस्त करू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु एका हाताने उत्तेजन देऊन दुसऱ्या हाताने त्याचा तोल काढून घेणाऱ्या धोरणाला धोरण म्हणणे कठीण आहे.

हवामानाच्या बाबतीत मात्र बंगळूर भाग्यवान आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच असल्यामुळे येथील उन्हाळा बॅटरीला मानवतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तीच बॅटरी थंड ठेवण्यासाठी यंत्रणेला जी धडपड करावी लागेल ती येथे लागत नाही, आणि म्हणून बंगळुरातील मालकाचा अनुभव ऐकून विदर्भातील व्यापाऱ्याने डोळे मिटून गाडी घेऊ नये. पावसाची गोष्ट निराळी. सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेरचा वर्तुळाकार रस्ता आणि बेल्लंदूरचा भाग पाण्याखाली गेला, तेव्हापासून ‘पाण्यात गेली तर?’ हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतो. बॅटरीच्या पेटीवर आयपी ६७ असा दर्जा लिहिलेला असेल तर त्याचा अर्थ ती एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते असा आहे. जलविहाराला परवानगी आहे असा नव्हे.

यांतील काही गाड्यांच्या बॅटरीला सात वर्षांची हमी मिळते, आणि ती हमी पाळायला कंपनीही सात वर्षे टिकावी लागते. जर्मनीत टपाल खात्याच्या वारस कंपनीने २०१४ साली स्ट्रीटस्कूटर नावाची विद्युत् टपालव्हॅन बनवणारी संस्था विकत घेतली, हजारो गाड्या रस्त्यावर आणल्या, आणि २०२० मध्ये उत्पादन आवरते घेण्याचा निर्णय केला. जिच्या पाठीशी एवढे खात्रीचे गिऱ्हाईक होते तिची ही गत. उलट इंग्लंडात दूध पोहोचवणाऱ्या बॅटरीच्या गाड्या विसाव्या शतकात कित्येक दशके बिनबोभाट चालल्या, कारण ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, वारंवार थांबे आणि रात्री एकाच आगारात मुक्काम, अशी त्यांच्या कामाची घडी होती. विजेचा टेंपो त्याच घडीच्या माणसाचा आहे. पाव-बिस्किटे, दूध, औषधे, पाण्याचे जार, गॅस सिलिंडर, छापखान्याचे कागद.

ज्याला सकाळी फोनवर जी वर्दी येईल ती घ्यायची आहे, एकदा हेब्बाळ तर पुढच्या वेळी होसूर, आणि रात्री जेथे जागा मिळेल तेथे गाडी लावून तिच्यातच झोपायचे आहे, त्याच्यासाठी ती अजून तयार झालेली नाही. बंगळुरातील मालवाहतुकीचे कितीतरी काम असेच मोबाइलवरच्या वर्दीने चालते. त्याला विजेची गाडी हवीच असेल तर विकत न घेता महिन्याच्या भाड्याने घ्यावी, म्हणजे बॅटरीची आणि जुन्या गाडीला पुढे किंमत काय येईल याची चिंता भाड्याने देणाऱ्याकडे राहते.

चालकांचे म्हणणे मात्र जवळजवळ एकमुखी आहे. क्लच नाही, गिअर नाही, संध्याकाळी डावा गुडघा दुखत नाही, आणि इंजिनाची धडधड नसल्यामुळे कानही शिणत नाहीत. मालकाच्या हिशेबवहीत या गुडघ्याला सदर नसते. परंतु चांगला चालक टिकवणे ज्याला अवघड जाते, आणि बंगळुरात ते कोणालाच सोपे जात नाही, त्याने हे सदर उघडावे.

तेव्हा माझा निकाल असा. पेठेत फिरणाऱ्याने दहा युनिटांच्या आतबाहेरची तीनचाकी घ्यावी, आणि माल हलका असेल तर मोठ्या डब्याची. शहरभर ठरलेल्या फेऱ्या, रोज किमान साठ किलोमीटर आणि गाळ्यात स्वतःचा पॉइंट, या तिन्ही गोष्टी असलेल्याने लहान बॅटरीची चारचाकी निश्चिंत घ्यावी. एस प्रो विजेवरची ही वर पाहिलेल्यांतली किफायतशीर, आणि डोब्बसपेट-तुमकूरसारख्या लांबच्या फेऱ्या किंवा सतत पूर्ण भार असेल तरच झिओ किंवा एक टनी एसकडे जावे. गाळ्यात वीज नसेल तर संकोच न बाळगता सीएनजी घ्यावी. आणि कोणतीही घ्या, सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून गाडी एक पूर्ण दिवस मागून घ्या, तीत आपलाच माल भरा, आपल्याच चालकाला आपल्याच रस्त्याने पाठवा, आणि बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली म्हणजे ती बदलून मिळेल, तो आकडा हमीपत्रावर लेखी घ्या. जो विक्रेता या दोन गोष्टींना टाळाटाळ करील त्याच्याकडून गाडी घेऊ नका.